माइक बसला, पण सेट बोलत नाही

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत: वॉकीटॉकीला लावायचा स्पीकर माइक. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर गुंडाळीच्या वायरीला जोडलेला काळा डबा दिसतो ना, तोच. बोलायचंही त्यातच आणि ऐकायचंही त्यातच. सेट मात्र कमरेला नाहीतर सॅकमध्ये. पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर हे माइक यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे मुळात बिघडलेलेच नसतात. भलत्या सेटला लावलेले असतात, एवढंच. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यांच्यासाठी. इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल विचारणाऱ्या सांगलीच्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : आमचा गिर्यारोहकांचा गट आहे. घाटात, गडावर कुणी अडकलं तर स्थानिक बचाव पथकाच्या मदतीला जातो. सेट वापरणाऱ्या सगळ्यांकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे आणि सेट बाओफेंग यूव्ही-५आर. दोरावर असताना सेट हातात धरता येत नाही, म्हणून 'केनवूड टू-पिन, सगळ्या सेटना चालेल' असं लिहिलेले स्पीकर माइक ऑनलाइन मागवले. ऐकू येतं, पण बटण दाबलं तरी आवाज जात नाही. एका सेटचं नेमकं उलट: बटण न दाबताच लाल दिवा लागतो आणि सगळ्यांचं बोलणं बंद पडतं. माइक खराब की सेट? बदलायचे तर कुठले घ्यावेत?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : माइकही धड असतील आणि सेटही. आपोआप लाल दिवा लागणाऱ्या सेटमध्ये आधी मेनू दाबून ४ नंबरला जा. तिथे व्हॉक्स आहे, म्हणजे आवाज ऐकून सेट आपणच सुरू होण्याची सोय. ती ऑफ हवी. कुणीतरी चाळा करताना ती चालू केलेली असते, आणि दरीतला वारा माइकवर आदळला की सेट बिचारा त्यालाच बोलणं समजतो. तीच सोय चालू निघाली तर त्या सेटचा प्रश्न तिथेच मिटला.

व्हॉक्स बंद असूनही दिवा लागत असेल, तर दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे: प्लग पुरता आत गेलेला नाही.

सेटच्या उजव्या कडेला रबरी झाकणाखाली दोन भोकं आहेत, एक २.५ मिलिमीटरचं आणि एक ३.५ मिलिमीटरचं. ही जोडणी केनवूड कंपनीच्या पद्धतीची, बाओफेंगही तीच वापरतो. तिच्यात बारीक पिनेतून आवाज बाहेर येतो आणि जाड पिनेतून माइकचा आवाज आत जातो. पिनेच्या टोकाला टिप म्हणतात, मधल्या कड्याला रिंग आणि मागच्या लांब भागाला स्लीव्ह. बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी, काही मोठं काम करत नाही. ते जाड पिनेची स्लीव्ह आणि बारीक पिनेची स्लीव्ह एकमेकींना जोडतं. जोडल्या की सेट पाठवायला लागतो, सोडल्या की थांबतो.

आता जॅकच्या, म्हणजे त्या भोकांच्या, आत काय होतं ते बघा. तिथे पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा असतात आणि प्रत्येक स्प्रिंग पिनेच्या ठरलेल्या भागावर टेकायची असते. प्लग केसभर जरी बाहेर राहिला तरी स्प्रिंग रिंगऐवजी मधल्या काळ्या इन्सुलेशनच्या पट्टीवर टेकते, नाहीतर शेजारच्या भागावर सरकते. पट्टीवर टेकली तर बटण दाबून काही होत नाही. भलत्या भागावर टेकली तर न दाबता सेट सुरू. ऐकू मात्र येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं की प्लग नीट बसलाय.

यूव्ही-५आरला हा त्रास जरा जास्तच आहे, कारण भोकांभोवतीची खाच उथळ आणि अरुंद, आणि स्वस्त माइकच्या प्लगचं प्लास्टिक जाडजूड. वर तुम्ही सेटला सिलिकॉनचं कव्हर घातलेलं असणार. ते आधी काढा. उघड्या सेटला प्लग लावा आणि अंगठ्याने दाबत न्या. शेवटी एक ठोस 'टक' जाणवायला हवं. ते जाणवल्यावरही प्लगचं प्लास्टिक आणि सेटची कड यांच्यात नख शिरत असेल, तर प्लास्टिक अडतंय. धारदार ब्लेडने प्लगच्या खांद्याची कड थोडी थोडी तासा आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा. पिनांना धक्का लावू नका. दर वेळी लावून बघा आणि बसायला लागला की थांबा. दोन पिनांमधलं प्लास्टिक मात्र तासायचं नाही, त्याच्यावरच पिना ताठ उभ्या असतात.

दुसरी खूण आवाजाची. प्लग नीट बसला की सेटचा स्वतःचा स्पीकर बंद होतो आणि आवाज फक्त माइकमधून येतो. दोन्हीकडून येत असेल किंवा सेटमधूनच येत असेल, तर बारीक पीन अजून आत गेलेली नाही.

एवढं करूनही बटण चालत नसेल तर मल्टीमीटर काढा. माइक सेटपासून सोडवा. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते त्या खुणेवर, ठेवा, एक काडी जाड पिनेच्या स्लीव्हला, दुसरी बारीक पिनेच्या स्लीव्हला. बटण दाबल्यावर बीप आली आणि सोडल्यावर बंद झाली, तर बटण आणि वायर ठीक. आता मीटर ओहमवर घ्या आणि बारीक पिनेची टिप व स्लीव्ह यांना काड्या टेकवा. काही ओहम दिसतील आणि माइकचा डबा कानाशी धरला असेल तर त्यातून बारीकसं 'टिक' ऐकू येईल. मीटरच्या बॅटरीने स्पीकरचा पडदा हलवला, म्हणून तो आवाज. आमच्याकडे हातात घेतलेल्या प्रत्येक माइकची तपासणी या 'टिक'नेच सुरू होते. बटणाची बीप आलीच नाही, तर गुंडाळीची वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथे ती हळूच वाकवून बघा. बीप तुटक तुटक आली तर आत तार तुटली आहे. तसला माइक डोंगरावर न्यायचा नाही, दुरुस्त केला तरीही.

नवे घ्यायचे तर 'सगळ्या सेटना चालेल' ही ओळ वाचली की पुढे सरका. पाकिटावर किंवा लिस्टिंगवर तुमच्या सेटचं मॉडेल नाव छापलेलं हवं. एकाच कंपनीच्या दोन सेटना एकच माइक चालेल, हेही गृहीत धरू नका. बाओफेंगचाच यूव्ही-९आर घ्या, तो पाण्यात चालावा म्हणून बनवलेला असल्यामुळे त्याचा जोड स्क्रूने आवळायचा आहे आणि यूव्ही-५आरचा साधा दोन पिनांचा माइक त्याला अडॅप्टरशिवाय लागत नाही. गटातल्या कुणी 'हा भारी आहे' म्हणून तो घेतला असेल, तर त्याचा माइक वेगळा आणावा लागेल. ऐन वेळी आपसात माइक बदलता येणार नाहीत, ही अडचण तुमच्यासारख्या पथकाला मोठी आहे. शक्य असेल तर सगळ्यांचे सेट एकाच मॉडेलचे ठेवा.

दुकानात माइक हातात आला की हातमोजा घालून बटण दाबून बघा. दाबल्याचं बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे. मागची क्लिप धातूची आणि फिरणारी असेल तर सॅकच्या पट्ट्यावर घट्ट बसते. प्लास्टिकची क्लिप दोराच्या घर्षणात पहिल्याच मोसमात तुटते. दोन्ही पिना एकाच ठोकळ्यात घट्ट हव्यात, बोटाने हलवल्या तर हलता कामा नयेत.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. स्पीकर माइक लावला की माणूस सेट कमरेला लटकवतो, आणि तिथेच पल्ला घटतो. सेट तोंडासमोर धरून बोलताना अँटेना डोक्याच्या उंचीला आणि मोकळ्या हवेत असते. कमरेला गेली की ती अंगाला चिकटते, आणि आपल्या शरीरातलं पाणी लहरी शोषून घेतं. सपाटीवर फारसं कळत नाही, पण तुमच्यासारख्यांना दरीतून वरच्या माणसाशी बोलायचं असतं, तिथे 'तुझा आवाज तुटतोय' सुरू होतं. सेट सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर उंच बांधा, अँटेना खांद्याच्या वर राहील असा, आणि माइक दुसऱ्या पट्ट्यावर. वायर कमी ताणली जाते हा वर फायदा. नाहीतर ताणलेली गुंडाळी तासभर प्लगला हलकी ओढ देत राहते आणि प्लग कणाकणाने बाहेर येतो. मग पुन्हा तीच तक्रार. प्लगपासून चार बोटांवर वायरीला दोरीचा फास घालून तो पट्ट्याला बांधून टाका. ओढ दोरीवर जाते, प्लगला लागत नाही.

मेनूत ९ नंबरला टीओटी आहे, म्हणजे सलग किती वेळ पाठवलं की सेटने स्वतः थांबायचं ती मर्यादा. १५ ते ६०० सेकंदांपर्यंत ठेवता येते. बचावाच्या कामात ६०च्या वर नेऊ नका. माइकचं बटण सॅकखाली दाबलं गेलं तर एका मिनिटात तरी चॅनल मोकळा होतो आणि खाली स्ट्रेचर घेऊन उभ्या असलेल्यांना वरच्याचं ऐकू येतं.

प्रश्न : मी एका मोठ्या सोसायटीत सुरक्षेचं काम बघतो. आधीच्या एजन्सीचे मोटोरोलाचे सेट होते. ते गेले, पण त्यांचे दोन पिनांचे माइक इथेच राहिले. आता कमिटीने ऑनलाइन स्वस्त सेट आणले आहेत, तेही दोन पिनांचेच. जुने माइक त्यांना बसत नाहीत. दुकानदार म्हणतो अडॅप्टर लावा. लावू का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नका लावू. आणि माइकचं नंतर, आधी सेटचं बघा.

नव्या सेटच्या मागचा स्टिकर वाचा. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ असं काही म्हणत असेल आणि ताकद ४-५ वॉट असेल, तर तो सेट परवान्याशिवाय वापरता येत नाही. सोसायटीच्या पहारेकऱ्यांना तर नाहीच. आपल्याकडे परवाना न लागणारा हँडसेटचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ आहे, तोही अर्ध्या वॉटपर्यंतच. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच गोंधळामुळे. सेट कुठल्या पट्ट्यात चालतो, परवाना लागतो का, उपकरणाला मान्यता आहे का, यातलं काहीच न सांगता सेट विकले जात होते. कमिटीला बिल आणि मान्यतेचा कागद मागा. तो नसेल तर सेट परत करा, आणि परवान्याशिवाय चालणारे अर्ध्या वॉटचे घ्या किंवा दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून रीतसर परवाना काढा. रात्रपाळीच्या मुलाच्या हातात बेकायदा सेट देऊन कमिटी घरात झोपते, हे मला पटत नाही.

आता पिना. दोन पिना म्हटलं की सगळे सारखेच वाटतात, पण बाजारात निदान तीन घराणी आहेत. केनवूडचं घराणं सगळ्यात पसरलेलं: केनवूडचे स्वतःचे बरेच सेट, बाओफेंग, वौक्सन, क्वानशेंग आणि कितीतरी चिनी सेट त्यातलेच. मोटोरोलाच्या साध्या व्यावसायिक सेटचं दुसरं. आयकॉमचं तिसरं. पिनांची जाडी तिघांतही २.५ आणि ३.५ मिलिमीटर, पण पिनांमधलं अंतर आणि आतली जोडणी वेगळी. केनवूडमध्ये आवाज बारीक पिनेतून येतो, तर आयकॉममध्ये जाड पिनेतून. म्हणजे एखादा माइक जोर लावून घुसवलात तरी स्पीकरच्या जागी माइक आणि माइकच्या जागी स्पीकर. तुमचे जुने माइक नव्या सेटला बसत नाहीत ही तक्रार नसून कृपा आहे.

अडॅप्टर मिळतो, आणि टेबलावर चालतोही. पण पहारेकरी गेट उघडतो, गाडीत वाकून बघतो, खुर्चीत बसतो. सेटच्या कडेतून अडॅप्टरचा ठोकळा बाहेर आलेला आणि त्यावर माइकचा प्लग. हे सगळं मिळून एक लांब दांडा होतो, आणि दर वेळी तो कुठेतरी आपटला की जोर जॅकवर जातो. जॅक सेटच्या आतल्या बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तो तुटला की नुसता माइक नाही, सेटच दुरुस्तीला. जुने माइक विकून टाका. मोटोरोलाच्या दोन पिनांच्या सेटवाल्यांना ते लागतात, मोटोरोलाचा स्वतःचा पीएमएमएन४०१३ हा त्या जोडाचा नेहमीचा माइक आहे. तुमच्या नव्या सेटचा जोड केनवूडचा निघाला तर माइक त्या जोडाचा घ्या. केनवूडचा स्वतःचा केएमसी-४५ महाग वाटेल, पण पाळीपाळीने वेगवेगळ्या हातांत फिरणाऱ्या माइकची वायर किती तग धरते, यावरच खरी किंमत ठरते.

आणखी एक. सोसायटीच्या कामाला स्पीकर माइक लागतोच असं नाही. गेटवरच्या केबिनमध्ये सेट समोर टेबलावर ठेवलेला असेल तर माइकचं काय काम? फेरी मारणाऱ्यालाच द्या.

प्रश्न : मी हॅम आहे. आयकॉमच्या टू-मीटर (हॅमचा १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) हँडसेटला जुन्या माइकची कॅप्सूल (आवाज पकडणारा छोटा भाग) आणि बटण वापरून घरीच स्पीकर माइक बनवला. प्लग आयकॉमचाच, जोडणीही तपासली. पण प्लग लावला की सेट लगेच पाठवायला लागतो. बटण अडकलेलं नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही केनवूडच्या डोक्याने आयकॉमचा माइक बनवलात. आयकॉमच्या दोन पिनांच्या हँडसेटमध्ये पीटीटीची वेगळी तार नसते. माइकच्याच तारेतून थोडा प्रवाह वाहिला की सेट समजतो की बटण दाबलं. तुमची इलेक्ट्रेट कॅप्सूल त्या तारेला कायमची जोडलेली आहे, ती सतत प्रवाह ओढते, आणि सेट सतत पाठवतो. बटण कॅप्सूलच्या वाटेत, तिच्याशी मालिकेत घाला. दाबल्यावरच कॅप्सूल जोडली गेली पाहिजे.

पुढे कधी डायनॅमिक माइक किंवा डेटाचं मॉडेम लावायची इच्छा झाली, तर आवाज कपॅसिटरमधून आत द्या आणि पीटीटीसाठी बटणाच्या वाटेत रेझिस्टर घाला. बऱ्याच आयकॉम हँडसेटच्या पुस्तिकांत तो ३३ किलोओहम दिलेला आहे, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जो असेल तोच वापरा. आणि चाचणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या, लहरी बाहेर न सोडणाऱ्या भारावर करा. दर वेळी रिपीटर (सगळ्यांचा आवाज लांब पोचवणारं सामायिक केंद्र) उघडून बसलात तर गावातले बाकीचे हॅम तुमचं नाव काढतील, चांगल्या अर्थाने नव्हे.

प्रश्न : आषाढी वारीच्या वाटेवर आमचं वैद्यकीय मदतीचं पथक असतं. सेट आयपी६७ आहेत, परवान्याचे आहेत. तरी गेल्या वर्षी पावसात माइक लावलेलेच सेट बंद पडले, बिनमाइकचे चालू राहिले. आयपी६७ असूनही असं का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : कारण ते आयपी६७ माइक लावल्यावर उरलंच नव्हतं. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. पण हे आकडे सेटचे, आणि तेही जोडावरचं रबरी झाकण बंद असताना, किंवा कंपनीने त्याच दर्जाचा म्हणून दिलेला माइक घट्ट आवळलेला असताना. साधा माइक लावला की झाकण उघडं राहतं आणि पिनांच्या कडेने पाणी थेट आत. गुंडाळीची वायर तर पाणी प्लगकडेच आणून सोडते.

तुमच्यासाठी स्क्रूने आवळणारा, सेटच्या मॉडेलसाठीच बनवलेला माइक घ्या आणि माइकचा स्वतःचा दर्जाही वाचा. बरेच माइक आयपी५४ किंवा ५५ असतात, म्हणजे शिंतोडे आणि पावसाची धार झेलतील, पण चिखलात पडून वर कुणाचा पाय पडला तर नाही. वारीत ते व्हायचंच. सेट पट्ट्यावर असा लावा की प्लगची बाजू खाली किंवा आडवी राहील, आणि वायरीला प्लगच्या आधी खाली लोंबणारा वळसा ठेवा. पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन टपकतं.

मुक्कामाला पोचलात की माइक सोडवा, झाकण उघडं ठेवून सेट वाऱ्यावर ठेवा. जोडाच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. हिरवट थर दिसला तर तो गंज आहे, आणि तो पुढच्या वर्षी तक्रार घेऊन येतो. रात्री प्लास्टिकच्या पिशवीत ओले सेट बांधून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. पाणी आत कोंडतं ते तिथे.

प्रश्न : स्पीकर माइकच्या खाली एक छोटं भोक आहे. त्यात मोबाइलचा इयरफोन लावला तर चालेल का? आवाज एकाच कानात येतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ऐकायला चालेल. तो जॅक मोनो आहे, म्हणून एकाच कानात. मोबाइलच्या इयरफोनच्या माइकमधून मात्र बोलता येणार नाही, तिथे फक्त ऐकण्याची सोय असते. मोबाइलच्या प्लगवर एक कडं जास्त असतं, त्यामुळे कधीकधी आवाजही खरखरीत येतो. एका कानाचा, साधा मोनो इयरफोन घ्या. भोक ३.५चं आहे की २.५चं ते आधी बघा, दोन्ही प्रकार मिळतात. आणि लावण्याआधी सेटचा आवाज कमी करा. स्पीकर हलवायची ताकद कानात सोडाल तर कान दिवसभर वाजत राहील.

प्रश्न : आमच्या होडीवर हातातला मरीन व्हीएचएफ सेट आहे. किनाऱ्यापासून आत गेल्यावर वाऱ्यात बोलता येत नाही म्हणून माइक लावायचा आहे. साधे दोन पिनांचे माइक स्वस्त आहेत, पण सेटवर तसं भोकच नाही.
– एक वाचक, मालवण

उत्तर : भोक नाही ते बरंच आहे. मरीन हँडसेटचा जोड बहुतेक वेळा स्क्रूने आवळायचा, त्या-त्या मॉडेलचाच असतो. समुद्रावर कंपनीचा, सेटच्या दर्जाएवढाच पाण्याला टिकणारा माइक सोडून दुसरं काही लावू नका. तुमचा १६ नंबरचा चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेचा आहे. बटण अडकलेल्या स्वस्त माइकने तो अडवलात तर आजूबाजूच्या सगळ्या होड्यांची वाट बंद होते.

खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वाईट. परत आल्यावर माइक आवळलेलाच ठेवून सेट आणि माइक दोन्ही गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, पुसून मग सोडवा. आधी सोडवून धुवाल तर मीठ नेमकं जोडात जाईल.

प्रश्न : माइक बसला, बटण चालतं, सगळं ठीक. पण समोरचे म्हणतात आवाज मडक्यातून येतो, मध्येच शिट्टीही वाजते. माइक कंपनीचा आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिट्टी दोन कारणांनी वाजते. जवळच तुमच्याच गटातला दुसरा सेट आवाज मोठा करून उभा असेल, तर त्याच्या स्पीकरचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. चार पावलं लांब सरका, थांबेल. एकटे असतानाही वाजत असेल तर वायर अँटेनाला लागते आहे का बघा. ४-५ वॉटने पाठवताना गुंडाळीची वायर अँटेनाशी चिकटून असली की लहरी वायरीतून माइकमध्ये शिरतात आणि आवाज विचित्र होतो. वायर अँटेनाच्या विरुद्ध बाजूने घ्या. एवढ्याने भागलं नाही तर प्लगजवळ वायरीवर फेराइटचा मणी बसवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

मडक्याचं कारण बहुतेक तुमचं बोट. डब्याच्या पुढच्या जाळीमागे सगळीकडे स्पीकर असतो, माइक नव्हे. माइकचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं, बहुतेक एका कोपऱ्यात असतं, आणि डबा मुठीत धरला की अंगठा नेमका त्यावर येतो. भोक शोधा आणि त्याच्या शेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या. डबा तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, तोंडापासून दोन-तीन बोटांवर, थोडा तिरका धरा. म्हणजे श्वास भोकावर आदळत नाही आणि 'प', 'फ' फुटत नाहीत. ओरडू नका. ओरडलात की सेट आवाज कापतो आणि समोरच्याला फक्त दणके ऐकू जातात.

तरी मडकं गेलं नाही, तर भोकात बघा. भंडारा, गुलाल, पीठ, काहीही असतं. सुई घालू नका, आत पातळ पडदा आहे. मऊ ब्रशने वरवर झाडा आणि मग दुसऱ्या सेटवर स्वतःचा आवाज स्वतः ऐका. समोरच्याला 'येतोय का?' विचारत बसू नका, तो नेहमी 'येतोय' म्हणतो.